विश्लेषण : शंभर ई-बस मंजूर, पण जुळे सोलापूरला बस किती मिनिटांनी मिळणार?

जुळे सोलापुरातील आसरा चौकात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले की शहराच्या वाहतुकीचे चित्र स्पष्ट होते. दुचाकींची गर्दी, शाळेच्या रिक्षा, प्रवासी भरेपर्यंत थांबलेल्या शेअर रिक्षा. सिटी बस मात्र शोधावी लागते. सुमारे दहा लाख लोकसंख्येच्या सोलापूरसाठी केंद्राच्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत १०० इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या आहेत. बस किती आणि कधी, याची चर्चा बरीच झाली. त्या कोणत्या मार्गांवर, किती मिनिटांच्या अंतराने धावणार आणि केंद्राचे अर्थसाहाय्य संपल्यावर त्यांचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न तुलनेने मागे राहिले. शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या प्रवासाचे उत्तर मात्र याच प्रश्नांत दडलेले आहे.

बस मंजूर झाल्या, मग अडचण काय?

बस खरेदी करणे आणि बससेवेचे नियोजन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरने हा फरक एकदा महागात अनुभवला आहे. नव्या बस रस्त्यावर आल्या की काही महिने उत्साह असतो. त्यानंतर देखभाल, सुटे भाग, कर्मचाऱ्यांचे वेतन, डेपोची जागा आणि तोट्याची भरपाई यांचे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे आधी ठरलेली नसतील, तर बस डेपोत उभ्या राहू लागतात, फेऱ्या रद्द होतात आणि प्रवासी कायमचा दुचाकीकडे वळतो. एकदा दुचाकीचा हप्ता सुरू झाला की तो प्रवासी बसकडे सहसा परतत नाही. म्हणून बस येण्याआधी किंवा येत असतानाच मार्ग, वारंवारिता, जागा आणि पैसा या चार बाबींचा निर्णय लागतो.

जुळे सोलापूर बसपासून दूर कसे राहिले?

याचे मूळ १९९२ च्या हद्दवाढीत आहे. त्याआधी महापालिकेची हद्द सुमारे ३३ चौरस किलोमीटर होती. पेठा, गिरण्या, रेल्वे स्थानक, बाजारपेठ आणि सिद्धेश्वर मंदिराचा परिसर असे ते आटोपशीर शहर होते. हद्दवाढीनंतर मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे, बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे असा परिसर शहरात आला आणि क्षेत्रफळ १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. म्हणजे शहर एका निर्णयाने पाचपटीहून मोठे झाले.

लोकसंख्या मात्र त्या वेगाने वाढली नाही. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८.७२ लाख होती, २०११ मध्ये ती ९.५१ लाख झाली. दहा वर्षांतील ही वाढ नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. शहरात माणसे फारशी वाढली नाहीत. होती ती माणसे बाहेरच्या बाजूला पसरत गेली. गिरण्या बंद पडल्या, पेठांतील वाडे अपुरे पडू लागले, नोकरदार आणि निवृत्त कुटुंबे मोकळ्या प्लॉटकडे सरकली. विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या दरम्यानचे जुळे सोलापूर या स्थलांतराचे सर्वांत ठळक उदाहरण.

येथे घरे झाली, शाळा-महाविद्यालये आली, दवाखाने आणि मोठी दुकाने आली. सिटी बस मात्र या वाढीचा भाग झाली नाही. जुन्या पेठेतील माणूस नवी पेठेत पायी जाऊ शकत होता. तोच माणूस जुळे सोलापुरात राहायला गेल्यावर बाजार, बँक, सरकारी कार्यालय किंवा रेल्वे स्थानक अनेक किलोमीटरवर गेले. त्यासाठी एक तर विजापूर रोड धरायचा किंवा आसरा पूल ओलांडून होटगी रोडला लागायचे. वसाहत मोठी आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्या, अशी ही रचना आहे. त्यामुळे घरटी दुचाकी वाढल्या की कोंडी त्याच दोन-तीन ठिकाणी होते.

हीच रचना बससाठी मात्र सोयीची ठरू शकते. प्रवासी मोजक्याच रस्त्यांवरून ये-जा करत असतील, तर त्या रस्त्यांवर सतत बस सोडणे शक्य असते.

परिवहन उपक्रम इतका का आकसला?

सोलापूरची सिटी बस १९४९ पासूनची. पुणे-मुंबईबाहेर स्वतःची बससेवा चालवणाऱ्या राज्यातील जुन्या शहरांत सोलापूरची गणना होते. गिरणी कामगार, विद्यार्थी, बाजारहाट करणारी कुटुंबे यांचा ती आधार होती. पुढे शेअर रिक्षा आणि दुचाकी वाढल्या, प्रवासी घटले, उत्पन्न घटले, त्यामुळे फेऱ्या घटल्या आणि फेऱ्या घटल्याने आणखी प्रवासी घटले. राज्यातील अनेक शहरांच्या बससेवा याच चक्रात सापडल्या.

यातून बाहेर पडण्याची मोठी संधी २०१४ च्या सुमारास आली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून सोलापूरसाठी सुमारे दोनशे बस मंजूर झाल्या. त्यातील अनेक बस शहरात आल्याही. पण ९९ बसच्या चेसींना तडे गेल्याचे उघड झाले, त्या बस उभ्या राहिल्या आणि प्रकरण कायदेशीर लढाईपर्यंत गेले. दुसरीकडे उरलेल्या बसच्या देखभालीचा खर्च आणि कर्मचाऱ्यांच्या थकीत वेतनाचा प्रश्न वाढत गेला. कामगारांना आंदोलने करावी लागली. पुढच्या काही वर्षांत रस्त्यावर धावणाऱ्या बसची संख्या काही डझनांवर आली.

सदोष बस हे यातील एक कारण झाले. दुसरे कारण नियोजनातील होते. योजनेतून बस खरेदीला पैसा मिळाला, तरी ती बस पुढे दहा-बारा वर्षे रोज चालवण्यासाठी लागणारा पैसा कोठून येणार, याची पक्की तरतूद झाली नव्हती. बस मिळणे हा शेवट मानला गेला. खर्चाची खरी सुरुवात तेथून होत होती.

पीएम ई-बस सेवा वेगळी कशी?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. देशभरात दहा हजार ई-बस, ५७,६१३ कोटी रुपयांचा अंदाजित खर्च आणि त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटी रुपये, असे तिचे स्वरूप आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे यासाठी पात्र ठरली. पाच ते वीस लाख लोकसंख्येच्या शहरांना जास्तीत जास्त १०० बस मिळू शकतात. सोलापूरचा आकडा या निकषातून आला. शहराला किती बसची गरज आहे, याच्या अभ्यासातून तो आलेला नाही.

या योजनेत महापालिका बस विकत घेत नाही. खासगी कंपनी बस आणते, चालक नेमते, देखभाल करते आणि महापालिका तिला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देते. तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे राहते. प्रति किलोमीटर दरातील काही वाटा केंद्र देते : १२ मीटर लांबीच्या बससाठी २४ रुपये, ९ मीटरसाठी २२ रुपये आणि ७ मीटरसाठी २० रुपये. डेपो आणि वीज पुरवठ्याच्या कामांनाही मदत आहे.

२०१४ शी तुलना करता यात दोन फायदे आहेत. बस बिघडली तर दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची आणि न धावलेल्या किलोमीटरचे पैसे द्यावे लागत नाहीत. धोका वेगळ्या बाजूला आहे. बस रिकामी धावली, तरी किलोमीटरचे पैसे महापालिकेला द्यावेच लागतात. कंपनीचे देणे थकू नये म्हणून केंद्राने पैसे अदा करण्याची हमी यंत्रणाही आणली आहे. शहराने पैसे थकवल्यास ते शेवटी राज्याच्या खात्यातून वळते करून घेण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे कंपनीची बिले लांबणीवर टाकत दिवस काढण्याची सोय आता नाही. चुकीच्या मार्गावर धावणारी प्रत्येक बस थेट तिजोरीवर बोजा टाकणार.

शंभर बस म्हणजे किती?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीच्या सेवांसाठी ठरवलेल्या निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील, तर सेवा पहिल्या स्तराची मानली जाते. ०.२ पेक्षा कमी असतील, तर ती चौथ्या म्हणजे सर्वांत खालच्या स्तरात जाते. दहा लाख लोकसंख्येसाठी पहिल्या स्तराला ६०० बस लागतात. खालच्या स्तरातून बाहेर पडण्यासाठीच किमान २०० बस हव्यात. शंभर ई-बस धरल्यास सोलापूरचे प्रमाण ०.१ भरते. त्यात परिवहन उपक्रमाच्या उरलेल्या बस मिळवल्या, तरी स्तर बदलत नाही.

याचा अर्थ शंभर बस निरुपयोगी आहेत असा नाही. त्या अपुऱ्या आहेत हे मान्य करून त्यांचा वापर ठरवावा लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

सगळीकडे थोडी बस, की मोजक्या मार्गांवर सतत बस?

दीर्घकालीन नियोजनातील हा सर्वांत अवघड निर्णय आहे. साधे गणित करून पाहता येते. समजा, शंभरपैकी दहा बस देखभाल आणि चार्जिंगसाठी राखीव ठेवल्या आणि रोज ९० बस रस्त्यावर आल्या. एका मार्गाची लांबी १२ किलोमीटर आणि थांबे धरून बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर मानला, तर एका बाजूला ४८ मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटांचा थांबा धरल्यास जाऊन-येऊन एक फेरी १०८ मिनिटांची होते.

आता पर्याय पहिला : प्रत्येक प्रभागाच्या मागणीनुसार ४५ मार्ग आखले आणि प्रत्येकाला दोन बस दिल्या. नकाशा भरगच्च दिसतो, पण प्रत्येक मार्गावर बस ५४ मिनिटांनी येते. एक बस बंद पडली की तेच अंतर पावणेदोन तासांवर जाते. सोलापूरच्या एप्रिल-मेमधील उन्हात थांब्यावर पाऊण तास कोणी उभे राहणार नाही.

पर्याय दुसरा : एका मार्गावर ११ बस दिल्या, तर साधारण दहा मिनिटांनी बस मिळते. ९० बसमध्ये असे आठ मार्ग चालतात. नकाशावर आठच रेघा दिसतात, पण त्या रेघांवर वेळापत्रक पाहावे लागत नाही. घरातून निघायचे, थांब्यावर यायचे, बस येतेच. प्रवासी दुचाकी घरी ठेवण्याचा विचार करतो तो अशा सेवेमुळे.

जगातील काही शहरांनी हा पेच सोडवून दाखवला आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने ऑगस्ट २०१५ मध्ये जवळपास सगळे बसमार्ग एका दिवसात बदलले आणि वळणावळणाच्या मार्गांऐवजी सतत बस धावणाऱ्या सरळ मार्गांवर भर दिला. स्पेनमधील बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने २८ मार्गांचे उभे-आडवे जाळे तयार केले. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच होते : मार्ग कमी आणि सरळ, बस जास्त वेळा, गरज पडल्यास एकदा बस बदलायची.

यात राजकीय अडचण आहे. आठ मार्ग निवडले की ज्या वस्तीतून बस जात नाही, तेथील लोकप्रतिनिधी नाराज होतो. ४५ मार्ग आखले की सगळ्यांना बस मिळाल्याचे समाधान होते आणि सेवा मात्र कोणालाच मिळत नाही. मधला मार्गही आहे. बहुतेक बस सतत धावणाऱ्या मुख्य मार्गांवर ठेवायच्या आणि राखून ठेवलेल्या थोड्या बस दूरच्या, गरीब आणि पर्याय नसलेल्या वस्त्यांसाठी ठरलेल्या वेळेला सोडायच्या. हे प्रमाण किती असावे, हे उघडपणे ठरवले पाहिजे. मुख्य मार्गांवर ७० बस ठेवल्या, तर सहा मार्ग दहा मिनिटांच्या वारंवारितेने चालतात आणि उरलेल्या वीसेक बस दूरच्या वस्त्यांना देता येतात.

जुळे सोलापूरच्या बाबतीत याचा अर्थ काय?

जुळे सोलापुरातील प्रत्येक गल्लीत बस नेण्याचा प्रयत्न केला, तर बस वसाहतीतच अर्धा तास फिरत राहील. त्याऐवजी विजापूर रोडवरून सैफुल ते सात रस्ता, रेल्वे स्थानक आणि एसटी स्थानक असा एक सरळ मार्ग आणि आसरा चौकातून होटगी रोडमार्गे शहराच्या मध्यभागी जाणारा दुसरा सरळ मार्ग, असे दोन मार्ग दहा मिनिटांच्या वारंवारितेने चालवणे हा एक व्यवहार्य पर्याय ठरतो. वरच्या गणितानुसार त्याला २२ बस लागतील. मार्ग १२ किलोमीटरपेक्षा आखूड असेल, तर त्याहूनही कमी.

मग घरापासून थांब्यापर्यंतचा प्रश्न उरतो. पाच-सातशे मीटर चालायला बहुतेकांची हरकत नसते, पण चालण्याजोगा रस्ता हवा. पदपथ असेल तर त्यावर गाड्या आणि टपऱ्या नकोत, संध्याकाळी दिवे हवेत, थांब्यावर सावली आणि बसायला जागा हवी. एका बसच्या किमतीच्या तुलनेत या कामांचा खर्च किरकोळ आहे. परिणाम मात्र मोठा आहे. जुळे सोलापुरात निवृत्तांची संख्या लक्षणीय आहे. ज्यांची मुले पुण्यात किंवा बंगळूरुत आहेत आणि ज्यांना आता दुचाकी चालवणे झेपत नाही, अशांसाठी सावलीचा थांबा आणि खालच्या पायरीची बस ही चैन नाही. दवाखान्यात, बँकेत, मंदिरात स्वतःच्या बळावर जाता येते की नाही, हे त्यावर ठरते.

शेअर रिक्षांचे स्थानही ठरवावे लागेल. आज त्या मुख्य रस्त्यावर बसशी स्पर्धा करतात, कारण प्रवासी तेथेच मिळतो. मुख्य मार्गावर सतत बस आली, तर रिक्षांना वसाहतीतून थांब्यापर्यंत प्रवासी आणण्याचे काम देता येते. त्यासाठी थांब्यालगत अधिकृत रिक्षा थांबे आणि जवळच्या अंतराचे परवडणारे भाडे ठरवणे आवश्यक आहे. रिक्षाचालकांना विश्वासात न घेता केलेली मार्गरचना रस्त्यावर टिकत नाही.

हद्दीबाहेरच्या सोलापूरचे काय?

शहराचे रोजचे आयुष्य महापालिकेच्या हद्दीत मावत नाही. पुणे रोडवर केगावजवळ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे आणि त्यापुढे चिंचोळी एमआयडीसी. अक्कलकोट रोडवर औद्योगिक वसाहत आणि त्याच बाजूला हद्दीबाहेर कुंभारी.

कुंभारीचे उदाहरण सर्वाधिक बोलके आहे. विडी कामगार महिलांसाठी येथे आधी दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला. त्यातील पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाईकाम करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची ही घरे आहेत. प्रत्येक घरात सरासरी चार माणसे धरली, तरी ३० हजार घरे म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास वस्ती होते.

या कुटुंबांना हक्काचे घर मिळाले, पण रोजगार, मोठे रुग्णालय, महाविद्यालय आणि घाऊक बाजार शहरात राहिले. घराचे भाडे वाचले आणि त्यातील मोठा भाग रिक्षाभाड्यात गेला, तर घराचा फायदा निम्मा होतो. त्यातही दुचाकी असेल तर ती घरातील पुरुष घेऊन जातो. दुपारी मुलाला दवाखान्यात नेणारी, वळलेल्या विड्या देऊन पाने-तंबाखू घेऊन परतणारी बाई बसवर अवलंबून राहते. तिचा प्रवास सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेतच होतो असे नाही. म्हणून केवळ कार्यालयीन वेळा पाहून फेऱ्या आखल्या, तर सर्वाधिक गरज असलेला प्रवासी सुटतो.

हद्दीबाहेर बस नेताना एसटी महामंडळाशी समन्वय लागतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. त्याच रस्त्यावर सिटी बसचे भाडे जास्त राहिले, तर प्रवासी एसटीची वाट पाहतील. दोन सार्वजनिक सेवांनी एकमेकींचे प्रवासी पळवण्यापेक्षा वेळा वाटून घेणे दोघींच्याही फायद्याचे आहे.

पैशाचे गणित कसे जमणार?

शंभर बस रोज सरासरी २०० किलोमीटर धावल्या, तर वर्षाला ७३ लाख किलोमीटर होतात. कंपनीला द्यायचा दर उदाहरणादाखल प्रति किलोमीटर ६० रुपये धरला, तर वर्षाचा खर्च ४३.८० कोटी रुपये होतो. केंद्राचा वाटा २२ रुपये धरल्यास सुमारे १६ कोटी रुपये तेथून येतील. उरलेले २७.७४ कोटी रुपये तिकीट आणि महापालिकेच्या तिजोरीतून उभे करावे लागतील.

हे दिवसाला ७.६० लाख रुपये, म्हणजे प्रत्येक बसमागे ७,६०० रुपये होतात. सरासरी तिकीट १५ रुपये असेल, तर प्रत्येक बसला रोज सुमारे ५०० प्रवासी हवेत. दहा मिनिटांनी धावणाऱ्या भरगच्च मार्गावर हा आकडा गाठता येण्याजोगा आहे. तासाला एक बस असलेल्या मार्गावर तो जवळपास अशक्य. म्हणजे मार्ग कमी आणि वारंवारिता जास्त हा निर्णय सोयीसोबत पैशाचाही आहे.

खरी परीक्षा त्यानंतरची आहे. केंद्राचे साहाय्य कायमचे नाही. ते दहा वर्षांचे आहे आणि योजनेची मुदत २०३७ पर्यंत आहे. वरच्या उदाहरणातील १६ कोटी रुपये नंतर शहराला स्वतः उभे करावे लागतील. त्यासाठी आतापासून स्वतंत्र शहरी वाहतूक निधी हवा. बस थांबे आणि बसवरील जाहिराती, डेपोच्या जागेवरील दुकाने, नवी पेठेसारख्या गर्दीच्या भागातील सशुल्क वाहनतळ, यांचे उत्पन्न त्या निधीत जमा करता येते. दरवर्षी अंदाजपत्रकात परिवहनासाठी ठोक रक्कम टाकून वेळ मारून नेण्याची पद्धत दीर्घकाळ चालणारी नाही. पदपथ आणि पथदिव्यांकडे कोणी नफ्याची अपेक्षा करत नाही. बससेवेतील तूटही ठरवून दिलेल्या मर्यादेत नागरी सेवेचा खर्च म्हणून मान्य करावी लागेल. ती मर्यादा आधी जाहीर असणे महत्त्वाचे.

विकास आराखड्याचा यात काय संबंध?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नुसार शहराचा विकास आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा लागतो. रस्ते, डेपो, बस स्थानके यांच्या जागा याच आराखड्यात आरक्षित होतात. पण आरक्षण टाकले म्हणजे जागा मिळाली असे नाही. दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. जुळे सोलापुरात आज डेपोसाठी मोकळा प्लॉट मिळवणे जितके अवघड आहे, त्याहून ते २०३५ मध्ये कितीतरी अवघड आणि महाग असेल. ई-बसला चार्जिंगसाठी डेपो लागतो. तो मार्गाच्या टोकाजवळ नसेल, तर बस रोज रिकाम्या धावतात आणि त्या किलोमीटरचा भार खर्चात येतो.

उड्डाणपुलांचेही असेच आहे. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला असे दोन उड्डाणपूल शहरासाठी प्रस्तावित आहेत. शहरातून आरपार जाणाऱ्या वाहनांसाठी त्यांचा उपयोग आहे. पण बस पुलावरून जात नाही. प्रवासी खाली असतो. पुलाखालच्या रस्त्याच्या आराखड्यात बस थांबे, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्याची जागा आणि रिक्षा थांबे आताच धरले नाहीत, तर खांब उभे राहिल्यानंतर ती जागा पुन्हा मिळणार नाही. पहिला प्रस्तावित पूल जुळे सोलापूरकडून येणाऱ्या बसच्या स्वाभाविक वाटेवरच आहे.

नियोजनासाठी आकडेही हवेत. शहराच्या हाती असलेली जनगणना २०११ ची आहे. पुढची २०२७ मध्ये पूर्ण होणार आहे. तोवर प्रभागनिहाय लोक कोठून कोठे जातात, याचे घरोघरी सर्वेक्षण आणि मुख्य चौकांतील मोजणी करून काम सुरू करता येते. मार्ग आखल्यावर तिकीट यंत्रांतून रोज माहिती मिळतेच; ती दर सहा महिन्यांनी तपासून फेऱ्यांत बदल करणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

इतर शहरांचा अनुभव काय सांगतो?

छत्रपती संभाजीनगरने २०१९ मध्ये स्मार्ट सिटीच्या निधीतून शंभर बसचीच सेवा सुरू केली. सुरुवातीला चालक-वाहक एसटी महामंडळाकडून घेतले. त्यामुळे नवखे शहर प्रशिक्षित मनुष्यबळासह उभे राहू शकले. नाशिकने जुलै २०२१ मध्ये महापालिकेची स्वतंत्र कंपनी स्थापून किलोमीटर दराच्या करारावर सेवा सुरू केली. तेथे प्रवासी मिळाले, पण तोटा महापालिकेला भरून काढावा लागला आणि ठेकेदाराकडील वाहकांच्या वेतनावरून वारंवार संप झाले. कंपनी खासगी असली, तरी संपाच्या दिवशी रस्त्यावर अडकलेला प्रवासी जाब महापालिकेलाच विचारतो. म्हणून कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर होते की नाही, यावर देखरेख ठेवण्याची अट करारात असणे सोलापूरसाठी गरजेचे ठरते. पुण्यात २००७ मध्ये दोन शहरांच्या परिवहन संस्था एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली. शहराचा प्रवास हद्दीत थांबत नाही, हे त्यामागचे वास्तव सोलापूर-कुंभारी-चिंचोळी पट्ट्यालाही लागू आहे.

मेट्रोची चर्चा मात्र सोलापूरसाठी गैरलागू आहे. केंद्राचे २०१७ चे मेट्रो धोरण वीस लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे. पुढील दोन दशके सोलापूरच्या सार्वजनिक वाहतुकीचा कणा बसच राहणार आहे.

पुढे काय ठरायला हवे?

महापालिका सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला. कायद्यानुसार परिवहन समितीचे सदस्य महापालिका नेमते. मार्ग, भाडे आणि तुटीची मर्यादा हे निर्णय तिच्या बैठकीत, नकाशा आणि आकडे समोर ठेवून, नागरिकांच्या हरकती ऐकून व्हायला हवेत.

त्या नकाशावर नागरिकांनी पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. मार्ग किती, यापेक्षा प्रत्येक मार्गावर बस किती मिनिटांनी येणार, हे लिहिले आहे का? शेवटची बस रात्री किती वाजता? आसरा चौक आणि सैफुलच्या थांब्यांवर सावली आणि दिवे कधी होणार? कुंभारीला दुपारी बस आहे का? दुसऱ्या डेपोची जागा कोणती? आणि २०३७ नंतरच्या खर्चाची तरतूद कोणत्या निधीतून?

शंभर बसमध्ये सगळ्या सोलापूरला समाधानकारक सेवा मिळणार नाही, हे गणित स्पष्ट आहे. सहा-आठ मार्गांवर मात्र ती भरवशाची होऊ शकते. त्या मार्गांवर प्रवासी टिकले, तर पुढच्या शंभर बस मागण्यासाठी शहराच्या हाती ठोस आधार असेल. या शंभर ४५ मार्गांवर विखुरल्या गेल्या, तर २०१४ नंतरचा अनुभव पुन्हा येण्याची शक्यता अधिक. त्या वेळी निदान सदोष चेसीचे कारण पुढे करता आले होते. या वेळी तसे कारण नसेल.